कोल्ह्याच्या नावाची मूठ

वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. जळगावात आईच्या घरी, वरच्या खोलीत, खिडकीशी टेबल लावून मी तो करते. सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांची पानं, पाचोऱ्याच्या एका क्लासचं पान, एका लग्नाच्या हॉलचं पान, ज्यावर मालकाला कारंजं उडताना दिसायलाच हवं असतं. शेजारच्या काकूंना वाटतं मी दिवसभर नुसती फोन बघत बसते. ते अगदीच खोटं नाही.

या धंद्यात एक बारीकसं काम असतं, ते मला पहिल्यापासून फार आवडतं. कुणी आपलं पान उघडलं की पानाबरोबर चार ओळींची एक स्क्रिप्टही त्याच्या फोनमध्ये जाते. ती माझ्याकडे चालत नाही, पाहुण्याच्याच घरी जाऊन चालते. तिथे ती ब्राउझरला, म्हणजे ज्या खिडकीतून तो माणूस इंटरनेट बघतोय तिला, विचारते, बाबा रे, तू कोण? ब्राउझर आपलं नाव सांगतो. मग स्क्रिप्ट ठरवते, याला पान कसं वाढायचं. जुना असेल तर हलकं, नवा असेल तर सगळ्या थाटात. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. मी मात्र त्याचाच विचार करत राहते. श्रावणातल्या ढगाळ दुपारी, वीज कमी दाबाने येत असते, पंखा झोपेत असल्यासारखा फिरतो, खाली आईच्या रेडिओवर काहीतरी पुटपुटणं चालू असतं, आणि माझ्या चार ओळी तेव्हा सुरतेच्या एखाद्या खोलीत, इंदूरच्या बाजारात, कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात उतरून 'तू कोण, तू कोण' विचारत असतील असं वाटतं. मग हातातलं काम तसंच राहतं आणि चहाचा वेळ होतो.

गंमत अशी की ब्राउझर सरळ उत्तर देत नाहीत. नाव विचारलं की लांबलचक ओळ म्हणून दाखवतात. तिच्यात सगळ्यात आधी एका फार जुन्या ब्राउझरचं नाव, जो आता कुणी वापरत नाही. मग 'अमक्यासारखा', मग तमक्याचं नाव, आणि कुठेतरी शेवटी, कोपऱ्यात, स्वतःचं. त्याला कारण आहे. पूर्वी कितीतरी साइटी नाव विचारून मगच दार उघडायच्या, आणि एखादंच नाव त्यांना चालायचं. म्हणून नव्याने आलेल्याने तेच नाव सांगायला सुरुवात केली आणि पुढे हळूच आपलं जोडलं. त्याच्यामागून आला त्याने दोघांचीही नावं घेतली. दारात अडवलं जायची वेळ आली तर माणूस तरी दुसरं काय करतो? आता शिकवणारे सांगतात की नाव विचारूच नका. तुला हे जमतं का एवढंच विचारा, आणि जमत असेल तर घ्या आत. शहाणपणाचं आहे. पण जुन्या फोनांच्या काही खोड्या नाव कळल्याशिवाय पकडता येत नाहीत, म्हणून मी अजून विचारते.

ती लांब ओळ वाचताना मला माझे स्वतःचे कागद आठवतात. लग्न झालं तेव्हा माझं मधलं नाव बदललं, आडनाव बदललं. काही कागदांवर जुनं राहिलं, काहींवर नवं चढलं, बँकेत दोन्ही. मग लग्न मोडलं. रीतसर, आवाज शेजारी न जाता मोडलं, आणि मी धुळ्याहून जळगावला आईकडे परत आले. नावं काही सगळी उतरली नाहीत. एखाद्या ऑफिसात अजूनही जुन्या आडनावाने हाक मारतात आणि मी ओ देते, कारण खुलासा करत बसायचा कंटाळा येतो.

दुःख व्हायचं ते झालं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. मोडलेल्या लग्नांच्या गोष्टी मलाच ऐकवत नाहीत. मला लिहायचंय ते रोटाबद्दल.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला डोळे लावून, नथ घालून, साडी नेसवून चौरंगावर मांडतात, ती आमची बाई. पोटापाण्यासाठी सुरतेला, पुण्याला, नाशकाला गेलेली माणसं दिवाळीला येणार नाहीत, पण कानबाईला येतील. आदल्या दिवशी, शनिवारी, घरातला मोठा माणूस परातीशी बसतो आणि एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू परातीत टाकतो. तेच गहू दळून त्याचे रोट होतात आणि ते घरच्यांनीच खायचे असतात. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. रीत घराघराची निराळी. काही घरांत फक्त पुरुषांच्या मुठी पडतात. आमच्यात बायका-पोरांच्याही पडतात. लेक लग्न होऊन गेली की तेवढी तिची मूठ जाते. ती सासरच्या परातीत पडते.

तर माझी मूठ धुळ्याच्या परातीतून उठली आणि इकडे आली नाही. कुणी नाही म्हटलं नाही, वाकडं कुणी बोललं नाही. परत आल्यानंतरच्या कानबाईला मी आईबरोबर गावी गेले, मुठी पडल्या, आईची पडली, आणि माझं नाव कुणी घेतलं नाही, एवढंच. रविवारी रोटाची ताटं वाढायची वेळ आली तेव्हा मी आपण होऊन लॅपटॉप घेतला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. माझ्यासाठी पुरणपोळी आणि खीर वेगळी आली, तुपाची धार जरा जास्तच सोडलेली. पुढच्या वर्षी तसंच. मग मी मागच्या खोलीत बसते ही घराची रीतच होऊन गेली.

मला तो रोट हवा होता. लहानपणी आम्ही पोरं त्याच्यापासून पळायचो. जाड, कोरडा, घशात अडणारा, खिरीत बुडवला तरच खाली उतरणारा. आता तोच हवा होता, आणि मागायला जीभ रेटत नव्हती. मागितला आणि 'नाही' आलं तर काय, ही भीती होतीच. पण कुणी कीव करून 'बरं बाई, घे' म्हटलं असतं तर मला ते त्याहून लागलं असतं. मी मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या वेबसाइटींची रंगसंगती ठीक करायचे आणि बाहेरच्या पंगतीचा आवाज ऐकायचे.

आमचं गाव अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घर स्लॅबचं, वर सोलर, पुढे फरशी घातलेलं अंगण. तिथे राहतात नाना, म्हणजे माझे थोरले काका. माझे वडील गेले तेव्हापासून आम्हा मायलेकींचं गावाकडचं सगळं तेच बघतात. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे माणूस दिसला की 'कोठे?' विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. काकूंना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. परातीशी नाना बसतात, पण रीत अक्कांच्या तोंडी. बाईला काय चालतं आणि काय चालत नाही हे अक्कांना विचारल्याखेरीज नाना दाणा हलवणार नाहीत.

गेल्या श्रावणात सुरतेच्या चुलतभावांना सुट्टी मिळेना, पुण्याच्या वहिनीला दिवस भरत आलेले, नाशिकवाल्याच्या पायाला प्लास्टर. नानांचा फोन आला.

"पोरी, तुन्हा त्या इंटरनेटवर बाईले बसाडता येई का?"

येईल म्हटलं. एक पान बनवलं. वर बाईचा फोटो, खाली थेट दर्शन. व्हिडिओ कॉलवर हे जमत नाही; तिथे प्रत्येकजण आपल्या कपाळाचंच दर्शन घडवतो. पान सगळ्यांच्या बऱ्या-वाईट फोनवर चालावं म्हणून माझी ती लाडकी स्क्रिप्ट त्यात घातली, आणि कुठला ब्राउझर आला हे मला दिसावं म्हणून माझ्या पडद्याच्या कडेला एक पट्टी ठेवली. कुणी पान उघडलं की पट्टीवर त्या ब्राउझरचं छोटं चित्र उगवायचं. कुणाचं रंगीत चकतीचं, कुणाचं होकायंत्राचं, कुणाचं कोल्ह्याचं. रविवारी पान नीट चाललं हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्याची काळजी नको. गोष्ट शनिवारची आहे.

शनिवारी सकाळी आईला घेऊन मी गावी पोचले. घर धुऊन काढलेलं, पितळेची भांडी चिंचेने घासून उन्हात पालथी घातलेली, म्हणजे ऊन पडलं असतं तर; आभाळ खाली आलेलं होतं आणि सगळ्या गावावर फिकट, दुधाळ उजेड होता. भावकीच्या ग्रुपवर मी लिहिलं की सगळ्यांनी आज एकदा पान उघडून बघा, कुणाचं अडलं तर कळवा. आणि बैठकीत भिंतीला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. मध्ये परात, परातीशी नाना. अक्का आणि आई सुपात गहू निवडत होत्या.

पट्टीवर चित्रं उगवायला लागली. नानांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"हाई काय उगी ऱ्हायनं व?"

"कुणी पान उघडलं की चित्र येतं, नाना. बाईच्या दारावर आल्यासारखं."

"म्हंजे कोनी तरी उनं?"

"हो, आलं."

"कोन?"

"ते नाही कळत. कोणत्या ब्राउझरनं आलं तेवढं कळतं. गाडी दिसते, आतला माणूस दिसत नाही."

गाडीचं म्हटल्यावर नानांना पटलं. त्यांनी मान डोलावली आणि गव्हात हात घातला.

मी कामात बुडाले. पान उघडायचं, बघायचं, बंद करायचं, एक ओळ बदलायची, पुन्हा उघडायचं. असं करता करता मला एक गुंगी आली, जी मला घरी कधी येत नाही, गावीच येते. नाना नावं घेत होते. आधी आमच्या आजोबांच्या थोरल्या पातीतली, मग धाकट्या पातीतली, मग सुना, मग त्यांची पोरं. एक नाव, मग गव्हाची सर, मग थोडी अजून, मग पुढचं नाव. अमळनेरच्या स्टँडवर गाडी लागली की ते थांबे सांगत त्याच सुरात. पडद्यावर चित्र उगवत होतं, परातीत गहू पडत होते, कोण कुठून येतंय आणि कुणाची मूठ कुठली, हे माझ्या डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळत गेलं. जणू ती माणसं पायीच निघाली होती, सुरतेहून, नाशकाहून, ओल्या रस्त्याने, आणि एकेकजण आत येऊन परातीत बसत होता. आईचं नाव आलं. आईच्या पुढे माझं येत नाही हे मला माहीत होतं. मी डोळे पडद्यावरच ठेवले आणि पुढची ओळ बदलली.

नावं संपली. गव्हाचा आवाज मात्र थांबला नाही.

मी मान वर केली. नाना माझ्या पडद्याकडे बघत होते आणि मुठी टाकत होते.

"ह्या चकतीनी," म्हणून एक मूठ. "ह्या होकायंत्रनी," म्हणून दुसरी.

अक्कांच्या हातातलं सूप थांबलं. "काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"पाहुना उनात ना. बाईना दारशी उनात."

"आपला पोऱ्यासन्या मुठी पडन्यात ना आत्तेच?"

"त्या पोऱ्यासन्या. हाई भावकीमातलंच दुसरं कोनी व्हई. ही पोरच म्हनस, कोन शे ते समजत नही. मंग बाईना दारना माणूसले उपाशी ठेवू का?"

नानांचं काही चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही. दारावर आल्यासारखं, असं मीच म्हटलं होतं, आणि कानबाईच्या शनिवारी दारावर आलेल्या घरच्या माणसाची मूठ चुकवत नाहीत हे त्यांना नीट माहीत होतं. पण अक्का माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला खुलासा करणं भाग पडलं. मी सांगितलं की ब्राउझर म्हणजे माणूस नव्हे. सुरतेच्या भावाने आधी आपल्या फोनवर पान उघडलं, मग बायकोच्या, मग टीव्हीवर. दोन चकत्या आणि एक होकायंत्र, ते सगळं मिळून तो एकटाच. त्याने ग्रुपवर तसं लिहिलंही होतं, तीन अंगठे दाखवून.

"म्हंजे एकना चार रोट!" अक्का म्हणाल्या. "आनि खाई कोन? तो त तठे सुरतमा बठेल शे!"

आई हसायला लागली. हसू आवरेना म्हणून तिने पदर तोंडात धरला. मीही हसले. पौर्णिमेपर्यंत या घरात सकाळ-संध्याकाळ रोट खाऊन सगळ्यांचे जबडे दुखणार हे उघड दिसत होतं. नानांना मात्र हे हसणं लागलं. कंडक्टरकीत त्यांनी एक प्रवासी कधी जास्त धरला नव्हता की कमी, आणि आता बायका त्यांचा हिशेब काढत होत्या. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"बरं. चकत्या बठ्ठ्या एकन्याच धर. पन हाऊ कोल्हा? हाऊ त सकायपाईन चकरा मारी ऱ्हायना. येस, जास, येस, जास. आत काही येत नही. हाऊ कोन शे?"

मी पट्टीकडे पाहिलं. चकत्या आणि होकायंत्रं इथेतिथे होती. मध्ये, वर, खाली, सगळीकडे कोल्हे होते, ओळीने, सकाळपासूनचे.

हसू गेलं. "तो कुणी नाही, नाना," मी म्हटलं. "ती मीच. पान नीट चालतंय का बघायला मीच उघडझाप करतेय. त्याला मोजू नका."

"पडनी त्यानी मूठ," नाना म्हणाले. "मघाशीच टाकी मी."

आईचा पदर अजून तोंडाशीच होता, पण ती हसत नव्हती. मला एकदम फार घाई झाली. कुणाला अवघड वाटायच्या आत हे निस्तरावं, एवढंच मनात आलं. मी लॅपटॉप बाजूला ठेवला, पुढे सरकले आणि परातीत हात घातला. "थांबा, मी काढते तेवढे."

अक्कांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड अशी आहे की म्हैस जागची हलत नाही.

"पडेल मूठ माघारी काढतस नही," त्या म्हणाल्या. "बाईना नावे पडनी ती पडनी."

माझा हात गव्हातच होता. गहू गार लागत होते. अक्कांनी मनगट सोडलं नाही, पण बोलल्या त्या नानांशी.

"पन कोल्हाना नावना रोट बाईले चालाव नही. माणूसनं नाव ल्या."

नानांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का गव्हाकडे बघत होत्या. मग नानांनी चष्मा कपाळावर सारला, घसा साफ केला आणि माझं नाव घेतलं. मग माझ्या वडिलांचं. मग आमचं आडनाव. मागच्या सीटला ऐकू जाईल अशा आवाजात घेतलं. आणि गव्हात हात घालून थोडे दाणे अजून उचलले, कारण कोल्ह्याला त्यांनी मूठ घातली होती, पण वरची पाव घालायची राहिली होती. ती त्यांनी माझ्या हातावरच सोडली. दाणे बोटांमधून खाली परातीत गेले.

मला रडू आलं. लपवावं असंही वाटलं नाही. आणि रडता रडताच मला रागही आला, सगळ्यांचा, इतका की मी मोठ्याने बोलले.

"मग इतकी वर्षं का नाही घेतलंत? माझं नाव ठाऊक नव्हतं का कुणाला?"

"तू मांगं का कधी?" अक्काही तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या. "ताट वाढानं टाइमले तू तो तुन्हा लॅपटॉप लिसन मांगली खोलीमा जाई बसे. आम्हले वाटे, पोर शिकेल-सवरेल शे, तिले हाई रोट-फिट नको व्हई. जबरदस्ती कशी करो?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मना ताटमातला अर्धा रोट मी दरसाल झाकी ठेवू. संध्याकायलोंग. तू इचारं नही. मंग मीच खाई लेऊ."

मी आईकडे पाहिलं. आई सुपातले खडे वेचत होती, खडे संपले होते तरी. तिला हे माहीत होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. बहुतेक होतं. मी मागच्या खोलीतून बाहेर येईन म्हणून या दोघी वाट बघत होत्या, आणि मला कुणी बोलवेल म्हणून मी आत बसून होते. एवढ्या वर्षांत मधलं दार कधी लावलेलंही नव्हतं. नुसता पडदा होता, निळ्या फुलांचा, आणि त्याच्याखालून मला त्यांचे पाय दिसत असत.

"चाल, ऊठ," अक्का म्हणाल्या. "डोया पूस. दयन ली जाय. गिरनी धुईसन ठेयेल शे, मंग गर्दी व्हई जाई."

रोटाच्या दळणात दुसरं पीठ मिसळू नये म्हणून त्या दिवशी गिरणी धुऊन पुसून ठेवतात. ते दळण न्यायचं काम घरातल्याच माणसाचं. अक्कांनी पितळेच्या डब्यात गहू भरले, वर धुतलेलं फडकं बांधलं आणि डबा माझ्या कमरेवर ठेवला. पायात चप्पल घालायची नसते, म्हणून मी तशीच निघाले.

गल्ली ओली होती, पण पाऊस नव्हता. दारादारांत सडे पडलेले, उंबऱ्यांना गेरू लावलेला. माझ्या पुढे आणि मागे बायका डबे घेऊन चालल्या होत्या, कुणी डोक्यावर, कुणी कमरेवर, आणि त्या दुधाळ उजेडात त्यांच्या सावल्या पडत नव्हत्या. मी कितीदा या गल्लीतून गेले असेन, गाडीतून, काच वर करून. अनवाणी गेले नव्हते. डब्यातले गहू पावलागणिक आतल्या आत सरकत होते आणि ते माझ्या कमरेला कळत होतं. त्यांतले माझे कुठले, ते आता ब्रह्मदेवालाही वेगळे काढता आले नसते. मला घाई नव्हती. गिरणी आणखी लांब असती तरी चाललं असतं.

गिरणीवाला म्हातारा होता, भुवयांवर पीठ बसलेला. त्याने मला ओळखायचं काही कारण नव्हतं.

"कोनं दयन शे, ताई?"

"आमनं," मी म्हटलं. माझ्या तोंडून अहिराणी सहसा निघत नाही, पण ते आपोआप आलं.

रांगेतल्या बायका हसल्या. गिरणीवालाही हसला. "आमनं त बठ्ठासनंच शे, ताई. नाव सांगा."

मी नाव सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. सांगताना कुठे अडखळले नाही.

त्याने डबा हातात घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "भाऊनी आंडेर का तू?" तो म्हणाला. भाऊची लेक का. गावात माझ्या वडिलांना भाऊ म्हणत. "भाऊ सोता लये दयन. आनि तठे त्या खोकावर बसे, पीठ पडस तवलोंग." त्याने कोपऱ्यातल्या लाकडी खोक्याकडे हात केला. खोक्यावर दुसऱ्याच कुणाचा डबा ठेवलेला होता. त्याने तो उचलून खाली ठेवला, फडक्याने खोकं झटकलं आणि मला बसायला सांगितलं.

मी बसले. त्याने फडकं सोडलं, आत डोकावला, आणि भुवया वर केल्या. गहू नेहमीपेक्षा जास्त दिसत होते.

"कितला माणसं व्हयनात औंदा घरमा?"

गिरणी सुरू झाली होती, त्यामुळे ओरडून सांगावं लागणार होतं. मी बोटांवर मोजायला लागले. सुरतेच्या त्या चकत्या आणि होकायंत्र धरायचं की नाही, याचा जरा विचार केला आणि धरलं, कारण त्यांचंही दळण त्यात होतं. पण मोजायला सुरुवात केली ती अंगठ्यापासून, आणि अंगठ्यावर मी स्वतःला धरलं.